माय, दौलतभाऊचा सरोता मी घेतला

प्रिय माय,

तुला जाऊन वर्ष होत आलं आणि या वर्षात मी तुला एक ओळही लिहिली नाही. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे. पण काल ड्युटीवर जे झालं, ते तुझ्याशिवाय सांगू कोणाला? दुसरं कोणी ऐकलं तर म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा इतक्या वर्षांनी काय राग धरायचा! तूही बहुतेक तेच म्हणशील. म्हणूनच तुझ्याशी भांडायला बसले आहे.

काल दौलतभाऊ माझ्या रांगेत आला होता. हो, तोच, आपल्या गावचा, ज्याच्या बांध्यांमध्ये तू जन्मभर धान कापलंस.

माझी नोकरी तुला कधी नीट कळली नाही. वर्दी मात्र आवडायची. सुट्टीला आले की पट्ट्याचं बक्कल पदरानं पुसून द्यायचीस आणि शेजारणींना हाका मारून दाखवायचीस. एकदा विचारलंस, नेमकं करतेस काय तिथं? मी म्हटलं, विमानात बसणाऱ्यांच्या पिशव्या तपासते, आत धारेचं काही निघालं तर काढून घेते. आणि काय काय निघतं, माय! फिटरच्या खिशातला स्क्रूचा पेचकस, शिवणकामवालीची कात्री, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेला बोटाएवढा चाकू. लोक शपथेवर सांगतात की हे खिशात आहे हेच आम्ही विसरलो होतो. बहुतेक जण खरंच सांगत असतात.

तू तांदूळ निवडता निवडता थांबलीस आणि म्हणालीस, "लोकाईचे चाकू घेतं, मंग वापस देतं का नाई?"

मी म्हटलं, नाही देत. तू परत ताटात बघायला लागलीस. एक खडा वेचून टाकलास आणि हळूच म्हणालीस, "हे बरं नाई, संगे." तेव्हा तुझ्या मनात कोणतं पातं होतं, ते मला लगेच कळलं होतं. तू नाव घेतलं नाहीस, मीही घेतलं नाही. आज घेते.

दौलतभाऊची रीत आठवते ना? कापणीला सगळ्यांचं धान एकदमच पिकायचं आणि बायांची ओढाताण सुरू व्हायची. आज इथं आलेली बाई उद्या दुसऱ्याच्या बांधीत जाऊ नये, म्हणून संध्याकाळी हा पारावर टोपली घेऊन उभा राहायचा. बाया वर आल्या की म्हणायचा, इळे टाका. अख्ख्या मोहल्ल्याचे विळे त्याच्या टोपलीत! सकाळी त्याच्याच बांधीवर यायचं, तेव्हा विळा हातात मिळायचा. ज्या विळ्यावर पोट, तोच ओलीस ठेवून घ्यायचा, आणि गावात त्याला काही वावगं वाटायचं नाही.

मी तेव्हा सातवीत होते. नदीकडच्या अंगाला आपली स्वतःची एवढीशी बांधी होती. वर्षाचा भात तिच्यातच. धान सोनेरी झालं होतं, आणि त्याच दुपारी आभाळ भरून आलं. संध्याकाळी टोपलीत विळा टाकायच्या आधी तू त्याच्यासमोर उभी राहिलीस. मी तुझ्या लुगड्याला धरून होते. तू म्हणालीस, उद्या अर्धा दिवस माझं कापून घेते, दुपारून तुमच्याकडे येते. एवढंच तर मागितलं होतंस!

तो खुर्चीवर बसून सरोत्यानं सुपारी कातरत होता. पितळी मुठींचा सरोता, मुठींवर दोन पोपट. मान वर न करता म्हणाला, "उद्या इथी ये, मंग भेटन. तुहा इळा कोनी खाऊन नाई राह्यला."

आणि तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, "बरं," आणि विळा टोपलीत टाकलास.

पहाटेच पाऊस आला. तू भाजीचा चाकू घेऊन बांधीत धावलीस. मोहल्ल्यात उसना विळा मागायची सोय नव्हती, सगळे त्याच्या घरी. चाकूनं काय धान कापलं जातं? मग तू हातानं उपटायला लागलीस. मी बांधावर उभी राहून ओरडत होते की घरी चल. तुझे तळवे सोलून निघाले होते आणि तू माझ्याकडे बघतही नव्हतीस. धान आडवं झालं, पाण्यात बसलं, लोंब्यांना कोंब फुटले. पाऊस उघडल्यावर तू हाताला चिंध्या बांधून पुन्हा त्याच्याच बांधीवर गेलीस. त्यानं विळा दिला आणि तू कापायला बसलीस! यासाठी मला त्याच्यापेक्षा तुझा राग जास्त आला होता. अजूनही आहे.

तर काल.

मी मशीनच्या पडद्यावर होते. पिशवी आत सरकली आणि पडद्यावर आधी सरोता दिसला, माणूस नंतर. दोन मुठी, मधे आडवं पातं. असे सरोते म्हाताऱ्या माणसांकडे निघतातच, म्हणून मी पिशवी बाजूला घेतली आणि उघडली. पंच्यात गुंडाळलेला होता. पंचा सोडवला तर मुठींवर पोपट. घासून घासून त्यांच्या चोची गेल्या होत्या, पण ओळखायला मला चोची कशाला लागतात!

मान वर केली तर समोर दौलतभाऊ. पार वाळला आहे, माय. कानाला यंत्र, हातात काठी. पुण्याला पोराकडे चालला होता, एकटाच. मला म्हणाला, "म्याडम, राहू द्या न जी. माह्या बापाचा आये तो." आणि हात जोडले.

तुला म्हणून सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आपल्या मोहल्ल्यातल्या कुठल्याच बाईला ज्यानं कधी 'ए' शिवाय हाक मारली नाही, तो मला म्याडम आणि जी म्हणत होता. मला त्याची दया आली असेल असं तुला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाक.

आता एक गोष्ट तुला सांगायला हवी. अशा वस्तूंसाठी एक सोय असते. विमानकंपनीच्या माणसाला बोलावलं तर तो वस्तू पाकिटात घालून खालच्या सामानात पाठवतो आणि उतरल्यावर ती परत मिळते. लोकांना हे माहीत नसतं. म्हातारं माणूस असलं की मी स्वतःहून सांगते, फोनही मीच करते. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी मला ओळखून आहे. तिनं फोन उचललासुद्धा. मी तिला म्हटलं, नको, ठेव.

नियमात जेवढं होतं तेवढं मी केलं. माणुसकीत जे बसत होतं ते केलं नाही.

"हे आत नेता येत नाही," असं मी त्याला सांगितलं. तो पुन्हा तेच, बापाचा आहे, हातातला आहे. मग मला राहवलं नाही. आपल्या बोलीत म्हटलं, "तुमचा सरोता कोनी खाऊन नाई राह्यला, दौलतभाऊ."

मला वाटलं, आता याचा चेहरा उतरेल. या एका क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती! पण तो हसला. बोली ऐकून त्याचा चेहरा फुलला. "तुम्ही आपल्याकडच्या का जी? ब्रह्मपुरीकडच्या?" त्याला त्याचं वाक्य आठवतही नव्हतं, माय. तो रोजच तसं बोलायचा, एक वाक्य कोण लक्षात ठेवतो?

मी गावाचं नाव सांगितलं. म्हटलं, भागरताची पोरगी.

मला वाटलं, तुझं नावही आठवणार नाही. तेही चाललं असतं, मला रागावायला आणखी एक कारण मिळालं असतं. पण तुझं नाव त्याला पक्कं आठवत होतं. मागच्या माणसाकडे वळून तो म्हणाला, "आमच्या गावची पोरगी आये, पाहा, किती मोठी साहेबीन झाली." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी मनापासून म्हणाला, "भागरता म्हंजे लय चांगली बाई. इतके वर्षं कामाले होती, पन कधी उलटून नाई बोलली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी दिली असती तर झेपली असती. हा तुझी स्तुती करत होता! विळा ठेवून घेऊन त्यानं तुला गप्प केलं होतं, आणि त्या गप्प राहण्यालाच तो तुझा गुण म्हणत होता, तेही माझ्यासमोर, डोळ्यांत पाणी आणून. तू गेलीस हे कळल्यावर म्हणाला, अशा बाया आता नाही राहिल्या.

शेवटी म्हणाला, "आता तू घरचीच निघाली. मंग देऊन टाक न, पोरी."

मी म्हटलं, "नाई." आणि सरोता जप्तीच्या पेटीत टाकला. त्यानं पेटीकडे एकदा पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, तू तरी काय करशील, नियमच आहे. आणि काठी टेकत गेला.

आशीर्वाद देऊन गेला, माय! ज्याच्यावर सूड उगवला, त्याला सूड उगवलेला कळलाच नाही. रिकामी खोली मिळाल्यावर मी तिथं जाऊन भिंतीवर हात आपटला. बरोबरच्या मुलीला वाटलं, तो माझा कोणी नातेवाईक असेल.

तू असतीस तर म्हणाली असतीस, जाऊ दे, म्हातारा आहे, आज आहे उद्या नाही. म्हणूनच तर घाई आहे. तू अशी निघून गेलीस की तुझ्याकडून एक शब्द काढून घेता आला नाही. त्यालाही मी तसंच जाऊ देऊ? आपल्या मनात, भागरता चांगली होती, आपणही चांगले होतो, असं समजत सुखानं मरू देऊ?

तर माझा शब्द ऐक. तो दिवाळीला गावी येणार आहे, बोलता बोलता त्यानंच सांगितलं. मी सुट्टी टाकली आहे. कापणीचे दिवस असतील, बाया पारावर असतील. वर्दी घालणार नाही, तुझं लुगडं नेसून जाईन. त्याच्या यंत्र लावलेल्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगीन, "माही माय चांगली नव्हती, दौलतभाऊ. तिचा इळा तुमच्याजवळ होता."

आणि तू मधे पडायचं नाहीस. त्याच्यासमोर आयुष्यभर गप्प राहिलीस ना? मग त्या दिवशीही राहा.

तुझी,
संगू