चपला दाराशीच

पुदुच्चेरी. रविवार, संध्याकाळ.

आज सुट्टी, म्हणून हिंगोलीचा सलीम आन मी फ्रेंच लोकांचं ते जुनं पिवळं घर पाहायला गेलो. तिकीट काढलं. आमच्या गावी, शिरड शहापुरात, कोणाच्याबी घरात शिरताना करतो तेच केलं, चपला दाराशी काढल्या. तेवढ्यात वॉचमन म्हणला, "कामवाले पीछे से."

अनवाणी पाय पाहून मजूर समजला. हायेच मी मजूर. पण आज न्हाई ना!

सलीम कानाशी आला, "घाल ना बे चपला. सगळे बूट घालूनच चाललेत. काहून तमाशा करून राहिला?"

न्हाई घातल्या. वॉचमनपुढं तिकीट धरलं, म्हणलं, "घर है ना ये? घर में चप्पल नहीं पहनते हम." भ्यालो होतो, खोटं काहून लिहू? पण मागच्या दारानं गेलो न्हाई. शेवटी वॉचमनच बाजूला झाला.

आत काय झकास! उंच छत, लाकडी जिना, हिरव्या खिडक्या आन फुलाफुलांची गार फरशी. बुटवाल्यांनी ती नुसती पाहिली असंल. माझ्या तळपायाला अजून गार वाटून राहिलं.

एका मिनटात मिटलं असतं, चपला घातल्या असत्या तर. मग घालाव्या वाटल्या काहून न्हाईत? वाटल्या न्हाईत, बस.

बाहेर आलो तर माझ्या चपलांशेजारी सलीमच्या चपला.

"तू कवा काढल्या रे?"

"तू भांडत होता तवा. हाकललं असतं तर दोघं संगंच गेलो असतो."