बारावं गाणं अडलंय

मेम्फिस, मंगळवार

प्रिय ओझेला,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. माझी रेकॉर्ड निघतेय! एकाच गाण्याची नाही, चांगली मोठी, दोन्ही बाजूंना मिळून बारा गाण्यांची, आणि वर माझा फोटो. फोटोसाठी दिलेला हिरवा झगा ढगळ होता, म्हणून पाठीमागून टाचण्यांनी आवळला. त्यामुळेच मी इतकी ताठ दिसतेय. हसू नकोस.

गाणी सगळी दुसऱ्यांचीच आहेत. आधी मला रागच आला होता. पण थर्मन, म्हणजे स्टुडिओचा मालक, म्हणाला की तुला इथे कुत्रं विचारत नाही, निदान गाणी तरी लोकांच्या ओळखीची असू देत. बोलतो असा, पण मनाचा चांगला आहे. इथे कागदावर काही म्हणजे काही लिहिलेलं नसतं. ऑर्गनवाला एक सूर धरतो, ड्रमवाला मान डोलावतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाण्याचं रूपच पालटतं. बाबा न्हाव्याच्या दुकानात दार लावून ऐकायचे ना, ते गोऱ्या गुराख्यांचं रडगाणं, त्याला तर आम्ही असं काही हलवलं की तळलेले मासे घेऊन आलेली बाई टोपलीसकट नाचायला लागली. ओझेला, मी इतकी खूश आहे की रात्री झोप लागत नाही.

चर्चमधल्या बायकांची कुजबुज मात्र सुरू झालीय. देवाची सोडून बाहेरची गाणी गाते म्हणून मलाही गाणाऱ्यांच्या बाकावरून उठवणार म्हणे. उठवू देत. लग्नाआधी रेनेट पोटात असताना तुला सगळ्यांसमोर उभं राहून माफी मागायला सांगितलं आणि तू न मागता सरळ दाराबाहेर गेलीस, तेव्हाच माझा त्या बाकांचा धाक संपला. वाईट एवढंच वाटतं की तू गाणंही तिथेच सोडलंस. तुझ्याकडे क्लीव्हलंडला राहून परत आल्यावर आई सांगत होती, तू कपडे वाळत घालतानासुद्धा गुणगुणत नाहीस.

अकरा गाणी मनासारखी झाली. बारावं अडलंय, आणि पुढच्या आठवड्यात शनिवारी टेप कारखान्यात जाणार. तोवर ते जमलं नाही तर त्याच्या जागी नुसती ऑर्गनची धून घालणार आहेत. ऑर्गनवाला आत्तापासूनच मिशीतल्या मिशीत हसतोय. गाणं तेच संथ चालीचं, जे आपण आईची नजर चुकवून भांडी घासताना म्हणायचो. एक ओळ गायची आणि उत्तराच्या ओळीसाठी थांबायचं, ही माझी चर्चमधली सवय काही जात नाही. बाकीच्या गाण्यांत त्या मोकळ्या जागा ट्रम्पेटवाल्यांनी झकास भरल्या. इथे ट्रम्पेट नुसते भांडल्यासारखे वाटले. मग तीन मुली आणल्या. गोड गातात, कडक इस्त्रीचं गातात, पण मला उत्तर देत नाहीत. मी काही विचारावं आणि समोरच्याने हवापाण्याचं बोलावं, तसं होतं.

काल थर्मनने टेप थांबवली, काचेपलीकडून उठून आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण तो हळूच म्हणाला, "व्हर्लीन, ओळ संपली की दर वेळी तू डावीकडे बघतेस. तिथं कोण असतं गं?"

मला हे माहीतच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, माझी बहीण. तो म्हणाला, मग तिला बोलाव की.

म्हणून हे पत्र. त्याने टेपवर एका आवाजापुरती जागा कोरी ठेवलीय आणि तिथे ट्रम्पेटवाल्यांना फिरकू देत नाही. पुढच्या बुधवारच्या बसने ये. रेनेटलाही आण, आई तिला सांभाळेल. पत्र लिहितेय एवढं कळताच आईने तुमच्या खाटेवर धुतलेली चादर घातली, आणि वर मलाच विचारते, ती येईल ना गं? ये, ओझेला. इथे कुणी तुला सगळ्यांसमोर उभं करणार नाही. तू फक्त माझ्या डावीकडे उभी राहा, आणि मी थांबले की सुरू कर.

तुझ्या उत्तरासाठी थांबलेली, तुझीच
व्हर्लीन