तुमच्या ओव्हनमध्ये कोंचा

आई, सूनबाईचं वजन पुन्हा उतरलं. ही बातमी ऐकीव नाही. मिडवाइफने तिला काट्यावर उभं करून पाहिलं आणि निघताना मला दारात थांबवून सांगितलं. सोमवारी ती परत येणार आहे. तोवर पोरीच्या पोटात काही टिकलं नाही, तर हॉस्पिटलात ठेवून सलाइन लावतील. सातवा लागला तरी ओकाऱ्या थांबलेल्या नाहीत. भात नको, सूप नको, टोस्टचा वास नको. एकच गोष्ट ती मागते, आणि ती कशी करायची हे मला आता नीट कळलं आहे. त्यासाठी मी उद्या काय करणार आहे ते तुम्हाला आधी सांगावं, म्हणून हे लिहिते आहे. परवानगी मागत नाही.

ही तुमच्या नातवाची बायको. तुम्ही गेलात तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. आता तो स्टॅनमोरला राहतो, रोज ट्यूब रेल्वेने लंडनला नोकरीला जातो. सूनबाई मेक्सिकोची आहे. तिच्याकडे सकाळी कोंचा खातात, दुधातल्या गरम चॉकलेटमध्ये बुडवून. कोंचा म्हणजे गोडसर, मऊ, वाटोळा पाव. वर साखरेचा खुसखुशीत थर आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेघा. लंडनमध्ये आम्ही विचारायचं कुठे बाकी ठेवलं नाही. मिळतो तो शिळा, नाहीतर भलतंच काहीतरी. विमानात बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे आणि तिची आई बाळंतपणालाच येऊ शकते. तेव्हा करणार कोण, तर मी.

वरचा थर मला पहिल्या फटक्यात जमला. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं, ती तुमची नानकटाईच आहे. मैदा, पिठीसाखर, आणि हाताने फेसून पांढरं केलेलं तूप. कॉव्हेंट्रीच्या जुन्या घरात तुम्ही परात मांडीशी धरून बसला आहात, तळहात गोल फिरतो आहे, आणि मी कामावरून येऊन कोट न काढताच विचारते, "झालं का?" तुम्ही वर न बघता म्हणता, "परीक्षेच्या पेपरसारखं नाही हे, वेळ झाली की सोडून द्यायला." तो हात मला अजून तसा येत नाही, पण उपयोगी पडेल एवढा येतो. खालचा पाव मात्र मला फसवत होता. पहिल्या वेळी पीठ थंडीने फुगलंच नाही. मग मी पातेलं एअरिंग कपबोर्डमध्ये ठेवलं, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या टॉवेलांच्या मधोमध, जिथे आपण विरजण लावायचो. फुगलं छान. भाजून आले तेही दिसायला देखणे. सूनबाईने एक घास खाल्ला, "लव्हली" म्हणाली आणि बाकीचा बशीत तसाच ठेवला. तुमचा नातू मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, ब्रेड चांगली आहे. पण तो ती नाहीये." त्याचं मराठी असंच राहिलं; अर्थ मात्र अचूक पोचला.

कारण मला ठाऊक होतं. मी अंडी घातली नव्हती. दही घातलं होतं, दूध वाढवलं होतं. सूनबाईने फोनकार्डावर तिच्या आईला विचारलं, अंड्याशिवाय जमेल का. पलीकडून मोठ्याने हसल्याचं मला इकडे ऐकू आलं. "काय म्हणते?" मी विचारलं. सूनबाई अवघडली. म्हणाली, "ती म्हणते, हो, जमेल. मग एकदा मैद्याशिवाय पण करून बघा." विहीणबाईंचा स्वभाव तुम्हाला आवडला असता.

पिनरचं हे घर घेतलं आणि भिंतीतला ओव्हन आला, तेव्हा मी पोराच्या वाढदिवसाला केक करायला निघाले होते. तुम्ही ओट्यावरची अंडी बघितलीत आणि आवाज न चढवता म्हणालात, "केक बाहेरून आणा. पाहुण्यासारखा येऊन जाऊ दे. आपल्या घरात जन्माला नको यायला." तेव्हापासून या ओव्हनमध्ये अंडं गेलेलं नाही. तुम्ही गेल्यावरही नाही. यांनी एकदा म्हटलंही, "अगं, आता कोण बघतंय?" मी म्हटलं, मी बघते आहे. भीतीने नव्हे. एखाद्या माणसाचा एक तरी शब्द घरात जिवंत असावा, एवढंच.

पण तुमचा शब्द एकच नव्हता. पोटुशीने मागितलेलं मोडू नये, नाहीतर मूल जन्मभर लाळ गाळतं, हाही तुमचाच. आणि तो तुम्ही नुसता बोलला नव्हता. कॉव्हेंट्रीत मला पाचवा होता, हिवाळा होता, आणि यांच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनवरून जाताना मला ऑम्लेटचा वास आला. मी घरी बोलले नाही. रात्री यांच्याजवळ रडले, आणि यांनी सकाळी तुम्हाला सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तुम्ही शाल गुंडाळून शेजारणीकडे गेलात. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, मराठी तिला. परत आलात त्या तिला आणि दोन अंड्यांना बरोबर घेऊनच. गॅरेजमध्ये कॅम्पिंगचा स्टोव्ह लावलात, पदर नाकाला, आणि शेजारीण सुरीने टिचकी मारून दाखवते आहे. "ही म्हणते हळूच मार," तुम्ही मला म्हणालात. "हळूच कसली, एक जाऊन जमिनीवर पडलं की." दुसरं नीट फुटलं. त्यात तुम्ही कोथिंबीर, मिरची, हळद इतकी घातलीत की शेजारणीला ठसका लागला. ओव्हरकोट घालून मी गाडीच्या बॉनेटवर बशी ठेवून उभ्याने खाते आहे आणि तुम्ही माझ्याकडे बघता आहात, ढेकर येईपर्यंत. मग म्हणालात, "मी केलं. मी खाल्लं नाही. देवाला एवढा फरक कळतो." आणि त्या गारठ्यात डोक्यावरून अंघोळ करून स्वयंपाकघरात शिरलात. तो तवा शेवटपर्यंत गॅरेजच्या फळीवर राहिला.

माझ्या आईला मी 'अगं' म्हणायचे आणि तुम्हाला 'अहो'. पण माहेर समुद्रापलीकडे राहिलं असताना माझं मागणं पुरवलंत ते तुम्ही. आता सूनबाईची आई समुद्रापलीकडे आहे आणि तुमच्या जागी मी उभी आहे. अडचण एवढीच, की पाव कॅम्पिंगच्या स्टोव्हवर होत नाही. गॅरेजमध्ये ओव्हन नेता येत नाही. पोरांच्या स्टॅनमोरच्या घरात ओव्हनच नाही. बाहेरून आणायला बाहेर मिळत नाही. तुमच्या दोन नियमांतला एकच पाळता येईल, आणि कोणता ते तुम्ही गॅरेजमध्येच ठरवून गेला आहात.

तेव्हा उद्या सकाळी मी मैदा भिजवेन, लोणी, दूध आणि अंडी घालून. पीठ एअरिंग कपबोर्डमध्ये जाईल. गोळे वळून वर नानकटाईचा थर थापेन, सुरीने रेघा ओढेन, पुन्हा फुगू देईन आणि दुपारी ओव्हनमध्ये सरकवेन. पोरगा तिला गाडीने घेऊन येणार आहे. चॉकलेट ती स्वतः करते म्हणाली, ते माझ्या हातचं तिला पटत नाही. तिने खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत पोटात राहिलं, तर रविवारच्या डोहाळजेवणालाही पुरणाच्या पोळीशेजारी कोंचाच असेल. नाही राहिलं, तर रविवारी पुन्हा भाजेन. सोमवारी काटा सांगेल ते सांगेल.

हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. स्वयंपाकघरातला तुमचा फोटो मी आत्ताच उचलून बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवला. वास गेला की परत आणेन.