काकांच्या यकृताची बेरीज

सातारा, ता. ९ फेब्रुवारी १९७६

चि. हौसास काकाचे अनेक आशीर्वाद.

तू सांगलीच्या कॉलेजात पोरांना शरीरातल्या पेशी शिकवतेस, म्हणून विचारतो. मधुमेह होऊन तीन वर्षं झाली. रोज सकाळी इन्शुलिनची वीस युनिटं टोचून घेतो. साखर, गूळ, भात बंद. फौजेत बावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस पथ्य मोडत नाही. तरी दर महिन्याला आठवडाभर लघवीची तपासणी बिघडते. नळीतलं निळं औषध उकळलं की विटेसारखं लाल होतं. डॉक्टर म्हणतात, सुभेदार, चोरून पेढे खाताय. तुझ्या काकूनं माझ्या खिशांची झडती घेतली. तंबाखू सापडली, आणि ती जप्त झाली.

तुझ्या बापाचं आष्ट्याहून दर महिन्याला कार्ड येतं. धाकटा भाऊ असला तरी मी उत्तर देत नाही. दोन वर्षांमागं आईला अग्नी देताना लालासाहेबानं माझी वाट पाहिली नाही. कऱ्हाडात एस.टी. बंद पडली हा माझा गुन्हा नव्हता. पण ते मी आता मनात ठेवलेलं नाही.

उत्तर लवकर धाड. माया आहे, शिस्तही आहे.

तुझा काका,
हंबीरराव

सांगली, ता. १४ फेब्रुवारी

ती. काकांस हौसाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पेढ्यांचा आरोप मागं घ्यायला डॉक्टरांना सांगा. ती साखर तुमच्याच यकृतातून येत असावी. इन्शुलिन यकृताच्या पेशीला सांगतं, साखर साठवून ठेव. माणूस संतापला की ॲड्रेनलिन नावाचं दुसरं रसायन रक्तात उतरतं आणि सांगतं, साखर सोड, लढायचं आहे. पेशीच्या अंगावर दोघांचे निरोप घ्यायच्या जागा वेगवेगळ्या असतात. दोन्ही निरोप एकदम आले तर ती कुणालाच परत पाठवत नाही. आत आणखी एक रसायन असतं. इन्शुलिन ते कमी करतं, ॲड्रेनलिन वाढवतं, आणि ते किती उरतं यावर पेशी काय करायचं ते ठरवते. म्हणजे बेरीज-वजाबाकीच.

काकूंनी मला कळवलं आहे की नळी लाल होते ती माझ्या आबांचं कार्ड आल्यावर. राग थोडा उतरवता आला तर पाहा, एवढीच विनंती.

जसा लोभ करता तसाच करत राहा.

आपली,
हौसा

सातारा, ता. २ मार्च

चि. हौसाला काकूचा आशीर्वाद.

तुजं पत्र यांनी तीनदा वाचलं. म्हणाले, पोरीनं हिशेब झकास मांडलाय, रागाचा आकडा मोठा असंल तर इन्शुलिनचा आकडा वाढवायचा. राग उतरवा म्हणून तू लिवलंस, ते त्यास्नी दिसलंच न्हाई. गेल्या गुरुवारी कार्ड आलं, तवापास्नं वीसच्या जागी बत्तीस टोचत्यात. डॉक्टरास्नी इचारलं न्हाई. नळी निळी ऱ्हाती म्हणून लय खूश हाईत. पर दुपारचा घाम फुटतोय, हात कापत्यात. काल मला आई म्हणून हाक मारली. मी व्हय म्हणाले, दुसरं काय म्हणणार.

काय करावं ते बिगीनं कळव. माया पातळ करू नको.

मनुबाई

सातारा, ता. ९ मार्च

चि. हौसास काकाचे आशीर्वाद.

तुझं गणित बरोबर होतं. मी फक्त एकच आकडा वाढवला, त्याला तू जबाबदार नाहीस. उगाच रडत बसू नकोस.

तू धाडलंस म्हणून तुझा बाप शुक्रवारी दुपारी इथं आला. मी ओसरीवर बसलो होतो, पण मला काही आठवत नाही. काकू सांगते की मी त्याला जवान समजून सावधान उभं राहायला फर्मावलं, आणि तो राहिला. मग माझी मान पडायला लागल्यावर त्यानं गूळ मागितला, पाण्यात कालवला आणि बोटानं माझ्या हिरड्यांना चोळला. मी ते बोट चावलं. दोन टाके पडले. डॉक्टर आले, म्हणाले इन्शुलिन जास्त होऊन रक्तातली साखर पार उतरली होती. माझी युनिटं पुन्हा वीसवर आणली आणि मला भरपूर बोलले. पेढ्यांबद्दल मात्र काही बोलले नाहीत.

शुद्धीवर आल्यावर मी पहिलं तेच विचारलं, आईला अग्नी द्यायला माझ्यासाठी दोन तास का थांबला नाहीस म्हणून. तो म्हणाला, दादा, सहा तास थांबलो होतो. मे महिन्याचं ऊन, सगळं गाव ओरडत होतं, शेवटी आकाराम चुलत्यांनी माझा हात धरून अग्नी द्यायला लावला. हे त्यानं मला प्रत्येक कार्डात लिहिलं होतं म्हणे. खोटं कशाला सांगू, मी एकही कार्ड मायन्याच्या पुढं वाचलं नव्हतं. अक्षर दिसलं की फाडत होतो.

तो बोटाची पट्टी सगळ्या आळीला दाखवत हिंडतो आणि विचारल्याशिवायच सांगतो की थोरल्या भावाचे दात अजून शाबूत आहेत. टाके निघाले की आष्ट्याला परत जाणार आहे. कंपाउंडर म्हणतो, शुक्रवारी काढू. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलंय, टाके काढायची घाई करू नकोस.

काकाची माया आहेच.

हंबीरराव