मिनिटाला सोळा थेंब

सोमवार, ३ जानेवारी २००५

नव्या वर्षाचा संकल्प: गणितावर विजय. सुरुवात उद्यापासून. आज डोस-टेस्ट होती आणि टेस्टच्या दिवशी अभ्यास करणं म्हणजे घाबरल्याची कबुली.

प्रश्न असा. दोन एमएलमध्ये ऐंशी मिलिग्रॅम औषध आहे, पेशंटला साठ द्यायचंय. सिरिंजमध्ये किती एमएल घ्याल? मी लिहिलं, १५. उत्तर होतं १.५. एका ठिपक्याचा फरक! आमच्या नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर दाभाडे मॅडम सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, मच्छिंद्र, पेशंटला इंजेक्शन द्यायचंय, आंघोळ नाही घालायची.

नियम: टेस्ट पास होईपर्यंत इंजेक्शनच्या ट्रेला हात लावायचा नाही. संधी तीन. तिसरी हुकली की वर्ष मागे.

राजनंदिनी चार मिनिटांत पेपर देऊन गेली. पैकीच्या पैकी. जाताना पेनाला टोपण लावलं, तेही शांतपणे. ते मला दाखवण्यासाठी होतं.

बुधवार, ५ जानेवारी

वॉर्डात तिच्या हातात ट्रे. माझ्या हातात थर्मामीटर.

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वात सलग तीन वर्षं पहिला आलेला माणूस इतरांच्या काखेतले आकडे वाचत फिरतोय.

गुरुवार, ६ जानेवारी

गणिताची वही आणली. दोनशे पानी. कव्हर घातलं. नाव घातलं. पहिल्या पानावर संकल्प लिहिला, तो चार पानं झाला. दमलो.

रविवार, ९ जानेवारी. धायरी.

घरी आलो. वडील म्हणाले, अजून सांग, प्लॉटच्या ऑफिसात बसवतो, गावची निम्मी जमीन विकायला निघालीय, बोलणारा माणूस पाहिजेच. चुलतभाऊ शुभंकर हिंजवडीच्या कंपनीत लागलाय, त्याला घ्यायला दारात गाडी येते. आख्खी गल्ली ती गाडी बघायला उभी असते. मीही होतो, पण योगायोगाने.

वडिलांना पुन्हा एकदा ऐकवलं. आई अॅडमिट होती तेव्हा तिचं सलाइन संपून नळीत रक्त चढलं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी असा काही आवाज दिला की दोन सिस्टर धावत आल्या. त्याच दिवशी ठरवलं. रुग्णसेवेला आवाज हवा!

वडील म्हणाले, धावत आल्या त्या नर्स. तू ओरडलास.

मुद्दा त्यांना कळलेला नाही.

मंगळवार, ११ जानेवारी

राजनंदिनीचं रहस्य उलगडलं. तिचे वडील मार्केट यार्डात तोलणार आहेत. कांद्याच्या पोत्यांची वजनं! म्हणजे आकडे तिच्या रक्तात आहेत. आपल्या घराण्यात ज्ञानेश्वरीपासून मार्क्सपर्यंत सगळं वाचणारा मी एकटा. हिशेब करणारा कुणीच नाही. ही स्पर्धा मुळातच विषम आहे.

बरं वाटलं. आज अभ्यास नाही केला.

सोमवार, १७ जानेवारी

लढा सुरू. निवेदन लिहिलं: ‘परिचर्येचा आत्मा करुणा की कॅल्क्युलेशन?’ वर्ग एकतीस जणांचा. अठरा सह्या मिळाल्या. जाहीर केलं की दोन-तृतीयांश वर्ग आपल्या बाजूने आहे.

राजनंदिनी म्हणाली, दोन-तृतीयांशला एकवीस लागतात, तीन कमी पडतात. मग कागद ओढून स्वतः सही केली आणि म्हणाली, आता दोन.

विचारलं, तू का सही केलीस? म्हणाली, गणित नसतं तर मलाही आवडलं असतं.

ढोंग. निव्वळ ढोंग. आणि अक्षरही चांगलं आहे.

मंगळवार, १८ जानेवारी

मॅडमनी निवेदन वाचलं. शुद्धलेखन उत्तम आहे म्हणाल्या. दुसरी टेस्ट सोमवारी, हेही म्हणाल्या.

सोमवार, २४ जानेवारी

शुभंकरने जुना मोबाइल दिला होता. त्यात कॅल्क्युलेटर आहे. एप्रनच्या खिशात ठेवला. ही फसवणूक नव्हे. उदारीकरणानंतरच्या भारतात यंत्राला नाकारणं हीच फसवणूक.

प्रश्न: पाचशे एमएल सलाइन आठ तासांत द्यायचंय. एका एमएलचे थेंब पंधरा. मिनिटाला किती थेंब सोडाल?

खिशात हात घालून पाचशे गुणिले आठ भागिले पंधरा केलं. दोनशे सहासष्ट. यंत्र चुकत नसतं, म्हणून ठामपणे लिहिलं.

मॅडम म्हणाल्या, हे सलाइन नाही मच्छिंद्र, खडकवासल्याचे दरवाजे उघडलेत. खाली नदीकाठच्यांना कळवलंत का?

उत्तर सोळा. वर्ग पाच मिनिटं हसत होता. राजनंदिनी हसली नाही. ती खाली बघत होती. हसली असती तर एक वेळ माफ केलं असतं.

बुधवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला माझं भाषण. चाळीस मिनिटं. सुपरिटेंडंट तिसाव्या मिनिटाला निघून गेले, बहुधा भारावून. राजनंदिनीने घड्याळ पाहिलं. नर्सचं ते छातीवर उलटं लावलेलं घड्याळ ती इतकं पाहते की त्याचीच सेवा करतेय असं वाटावं.

रविवार, ३० जानेवारी

तिसरी टेस्ट आठ दिवसांवर. आता शत्रूचा अभ्यास. धायरीला जाताना मार्केट यार्डात उतरलो. तिचे वडील दशरथ काट्यापाशीच भेटले. तुमच्या मुलीच्या वर्गात आहे म्हटल्यावर पोत्यावर बसवलं, चहा मागवला. मी सहज विचारलं, गणित घरीच शिकवलंत का?

ते हसायला लागले. म्हणाले, काय शिकवतो राव, काटा बघतो अन् आकडा वरडतो, लिहिणारा दुसराच असतो. पोरगी धाव्वीला गणितात दोनदा नापास झाली. लई रडली. मग कुठल्या तरी बाईंनी सांगितलं, रोज पहाटे दहा गणितं कर. तवापासून करतीय. आजबी करती.

चहा गार झाला.

रविवार, ३० जानेवारी, संध्याकाळी

विचार केला. म्हणजे दहावीचं गणित तिने तीनदा केलं. मी एकदाच केलं आणि पस्तीस मार्कांनी सुटलो. तिला दोन वर्षं जास्त मिळाली! हा सरळसरळ अन्याय आहे.

तरीही उद्यापासून पहाटे दहा गणितं. तिला कळता कामा नये.

सोमवार, ३१ जानेवारी

सात झाली. तीन बरोबर.

मंगळवार, १ फेब्रुवारी

एके ठिकाणी अडलो. नाइलाजाने तिला विचारलं, पण मित्राची शंका म्हणून. तिने रुमालाच्या घडीवर बोटाने लिहून दाखवलं: आधी एकूण थेंब काढायचे, मग एकूण मिनिटांनी भागायचं. एवढंच? हे एवढंच होतं तर आजवर कुणी इतक्या सोप्या भाषेत का सांगितलं नाही?

म्हणाली, मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, तेव्हा तू त्यांना प्रश्न विचारत होतास. पंचवीस मिनिटं.

शेवटी म्हणाली, मित्राला सांग, वहीला कव्हर छान घातलंय.

शनिवार, ५ फेब्रुवारी

दहापैकी नऊ. आत्मविश्वास अफाट. आता तिला कळेल. पास झाल्यावरच्या चार शब्दांची तयारी केली. पाठ करताना अकरा पानं भरली. तिचा उल्लेख सहाव्या पानावर, मोठ्या मनाने.

सोमवार, ७ फेब्रुवारी

तिसरी टेस्ट. यावेळी वॉर्डात, खऱ्या सलाइनवर. पेशंट आनंदीबाई, धरणाकडच्या गावच्या, पाच दिवस पडून आहेत.

कागदावर गणित केलं. सोळा. बरोबर! मॅडम म्हणाल्या, वा. (वहीत नोंद: ‘वा.’)

आता फक्त नळीवरचं चाक फिरवून थेंब लावायचे आणि घड्याळ बघत एक मिनिट मोजायचे. एक, दोन, तीन. तेवढ्यात आनंदीबाई म्हणाल्या, बाळा, तू धायरीचा न्हवं? मग सांग, धरान आमच्या उशाला हाय, समद्या पुण्याला पानी जातंय, अन् आमच्याकडं टँकर का रं?

हा प्रश्न मला विचारला! मला!

पुढचं नीट आठवत नाही. पाणीवाटपाचा इतिहास झाला, बिल्डर झाले, शुभंकरच्या कंपनीतली हिरवळ झाली. शेजारच्या कॉटवरून टाळ्या आल्या. बोलता बोलता हात वर गेला तेव्हा बोटं चाकावरच होती.

थांबलो तेव्हा मॅडम पेन बंद करत होत्या. किती थेंब चालू आहेत, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सोळा.

आनंदीबाई म्हणाल्या, बत्तीस हायती. मी मोजले की, भितीवरलं घड्याळ बघून, तू बोलत व्हतास तवा. ती पोरगी लावती तवा बरुबर सोळा असत्यात. पाच दिस दुसरं काय काम हाय मला?

राजनंदिनीने पुढे होऊन चाक फिरवलं, घड्याळ धरलं आणि एक मिनिट उभी राहिली. तोंडातून शब्द नाही. अख्खा वॉर्ड गप्प. मी आयुष्यात एवढी शांतता निर्माण करू शकलो नाही.

तीच गोष्ट सगळ्यात जास्त झोंबली.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

मॅडमच्या केबिनमध्ये. वडिलांचं प्लॉटचं ऑफिस डोळ्यांपुढे दिसत होतं. बचावाचं भाषण तयार होतं. मॅडम म्हणाल्या, बोलू नका, तेच तर चाललंय. गणित तुम्हाला येतंय. एक मिनिट गप्प राहता येत नाही. त्याला नियमात तरतूद नाही, म्हणून पंधरा दिवसांनी एक संधी देते. ही कल्पना माझी नाही, राजनंदिनीने अर्ज केलाय. एका ओळीचा.

एका ओळीचा! माझं निवेदन चार पानांचं होतं.

गुरुवार, १० फेब्रुवारी, सकाळी सात

आनंदीबाईंच्या कॉटपाशी सराव, दिवस दुसरा. घड्याळ राजनंदिनीकडे. थेंब मोजायचे, बोलायचं नाही.

आजचा पहिला प्रयत्न: बावीस सेकंद. मग आनंदीबाईंनी टँकर म्हटलं.

राजनंदिनी म्हणाली, कालपेक्षा चार जास्त.

म्हणजे काल अठरा. हे मी स्वतः काढलं. तिला सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने पुन्हा घड्याळ लावलं होतं.