दार लोर्नाचं, खिडकी मॅक्सीनची

पिओरिया, ४ सप्टेंबर १९८७

चि. लोर्नास अ. उ. आ. (मोठी आहे म्हणून द्यावे लागतात. गेल्या पत्रात मला जे काय बोललीस, त्यावर खरं तर आशीर्वाद निघत नाहीत.)

घर विकलं एकदाचं. हॅरल्ड गेल्यापासून मला एकटीला ते झेपतच नव्हतं. नवी मंडळी एक ऑक्टोबरला येताहेत. मी नदीजवळ एक फ्लॅट बघून ठेवलाय. तिसरा मजला, झोपायची खोली एवढीशी, पण खिडकीतून पूल दिसतो. मी तर तिथेच उभ्याउभ्या पडदे ठरवून टाकले!

घोडं अडलंय ते घरमालकापाशी. कोवालचिक म्हणून आहेत. त्यांना माझ्या आधीच्या घरमालकाचं पत्र हवंय, की ही बाई भाडं वेळेवर देते, गोंगाट करत नाही, जागा नीट ठेवते. मी म्हटलं, अहो, मी अडुसष्ट वर्षांची. बाबांच्या घरातून निघाले ती नवऱ्याच्या घरात गेले. घरमालक आणू कुठून? तर म्हणे, नियम म्हणजे नियम.

पत्र नाही मिळालं तर डेलच्या तळघरात जायचं. सूनबाईंनी तिथे गालिचासुद्धा टाकलाय आणि आई, तुम्हाला तिथे काही म्हणजे काही करावं लागणार नाही, असं सांगितलंय. त्याचीच तर मला धडकी भरलीय. अगं, आयुष्यात एकदा तरी मला माझी स्वतःची किल्ली हवीय गं.

बाबांचं घर आता तुझ्या नावावर आहे ना? मग तूच माझी जुनी घरमालकीण. दोन ओळी खरड. स्वभावाला जरा मुरड घालून गोड लिही.

लोभ आहेच, तो त्या पत्रात दिसला तर बरं.

तुझी ताई,
मॅक्सीन

गेल्सबर्ग, ९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

खोटं मी लिहायची नाही. दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवते मी. आपण लहान होतो तेव्हा घर बाबांचं होतं, माझं नव्हे. पण विचार करता करता आठवलं, तू खरोखरच माझी भाडेकरू होतीस! पत्र सरळ कोवालचिकांनाच धाडलंय. तुझ्याकडे दिलं असतं तर तू खाडाखोड केली असतीस. नक्कल सोबत जोडलीय.

राग दोन दिवसांत आटप आणि मग लिही.

तुझी,
लोर्ना

(नक्कल)

श्री. कोवालचिक यांस स. न. वि. वि.

मॅक्सीन अकरा वर्षं माझी भाडेकरू होती. आम्हा बहिणींना खोली एकच आणि भांडणं रोजची, म्हणून मी मधोमध खडूची रेघ ओढली. खिडकी तिच्या बाजूला गेली, दार माझ्या. तिच्या जाण्यायेण्याचं भाडं म्हणून रविवारच्या केकमधला तिचा अर्धा तुकडा ठरला. तो एकदाच चुकला, तिला गोवर आला तेव्हा. पुढच्या रविवारी तिने अख्खा दिला.

तक्रारी आहेत. झोपेत गुणगुणते. भर हिवाळ्यात खिडकी उघडी टाकते. मी तापाने फणफणले होते तेव्हा न विचारता रेघ ओलांडून आली आणि नऊ दिवस माझ्या उशाशी बसून राहिली. हाकललं तरी गेली नाही.

लग्न होऊन गेली तेव्हा जागा झाडून-पुसून गेली. तिचा निळा स्वेटर राहिला, तो मी अनामत म्हणून ठेवून घेतला आणि अजून परत केलेला नाही. मग दार नि खिडकी दोन्ही माझी झाली, आणि ती खोली मला खायला उठली. अशी भाडेकरू मला पुन्हा मिळाली नाही. तुम्हाला मिळतेय तर सोडू नका.

आपली,
लोर्ना

पिओरिया, १६ सप्टेंबर

चि. लोर्नास अनेक आशीर्वाद, या खेपेला मनापासून.

नक्कल वाचली आणि कपाळावर हात मारला. गुणगुणते काय, खिडकी उघडी टाकते काय! म्हटलं, झालं, चालले मी तळघरात. सोमवारी कोवालचिकांनी बोलावलं. चष्मा चढवून तुझं पत्र माझ्यासमोर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटाला आले आणि रुमाल काढला. म्हणे, सर्दी झालीय. मग किल्ली माझ्याकडे सरकवली आणि हिवाळ्यात खिडकी बंद ठेवायची, एवढंच बजावलं. रस्त्यात मी ती किल्ली तीनदा पर्समधून काढून पाहिली.

अगं, ते नऊ दिवस तुझ्या लक्षात आहेत हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. सांगितलं का नाहीस गं कधी?

काल झोपायच्या खोलीत मधोमध खडूने रेघ ओढली. नळ बघायला आलेले कोवालचिक म्हणाले, जमिनीवर खडू चालणार नाही. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

दाराची बाजू तुझी. तुझा पलंग मांडून ठेवलाय. ऑर्गन वाजवून झाला की रविवारच्या बसने ये आणि आठ दिवस तरी राहा. भाडं तेच, केकचा अर्धा तुकडा, फक्त आता तू द्यायचास. आणि येताना माझा स्वेटर आण.

लोभ रेघेच्या दोन्ही बाजूंना असू दे.

तुझी घरमालकीण,
मॅक्सीन