पायाळू धरायची की नाही

सोम. १० नोव्हें.
सोनोग्राफी झाली. बाळ अजून बसलेलंच, पाय खाली. डॉ. मॅडम म्हणाल्या, "शनिवारी सिझर करू." माझं! सहा वर्षांपूर्वी गौरी दोन तासांत झाली होती. आशा सेविका म्हणून गावातल्या किती बायका मीच इस्लामपूरला आणल्या, "सिझरला घाबरायचं नसतं" म्हणत. आता घाबरतेय मीच.
आई, म्हणजे सासूबाई, मात्र खूष. "पायाळू हाय म्हण की! कंबरंत उसण भरली की बाळाची लात घ्यायची. गोळी नगं, मलम नगं."

मंगळ. ११
यांचा फोन. पलटणीतून रजा मंजूर! शनिवारी सकाळी थेट दवाखान्यात पोचतील. गौरीला यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दोन महिन्यांची होती. या वेळी समोर असणार. बॅग तीनदा भरली, तीनदा उपसली.

गुरु. १३, सकाळ
कळा! दोन दिवस आधीच. हे अजून जम्मूला. जीप दारात येईपर्यंत आईंनी पेलाभर गरम दूध हातात दिलं, वर तुपाची धार. "पी गं, सुटका लवकर हुती." सिझरआधी पोट रिकामं हवं, नाहीतर उलटी फुफ्फुसात जाते, हे बायकांना घसा फोडून सांगणारी मी. तरी प्यायले. आईंचं मन मोडवेना.
कडेगाव मागे पडलं. पुढे उसाच्या ट्रॉल्या, रांगच रांग. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. परत कळ, आता लिहिता

शुक्र. १४
मुलगी!! काल दुपारी. टाके ओढतात, तरी लिहिणार.
भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलंय?" मी म्हणाले, "नाही." आईंना बोल लागू नये म्हणून. लाज वाटते लिहिताना.
आई दारातूनच म्हणाल्या, "खोटं बोलतीया, डाक्टर. म्या दूध पाजलंय, तूप घालून. सात वाजता."
डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहून घेतली. मग आईंना म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. थांबता येईल तेवढं थांबू." दीड तास थांबले. मग बाळाचे ठोके मंदावले आणि सगळ्यांची पळापळ. पाठीत सुई, कमरेखालची मी गायबच. पडद्यापलीकडे कुणीतरी माझं कपाट आवरतंय असं वाटत होतं. "पाय आले," मॅडम म्हणाल्या. मग बाळाचा आवाजच येईना. मला सारखा तो पेला दिसत होता. इतकी कधीच घाबरले नाही.
मग रडली. काय रडली! मीही.

शनि. १५
हे आले! बुटांसकट वॉर्डात घुसले, सिस्टर ओरडल्या. यांना काही ऐकूच गेलं नाही, लेकीकडे बघत उभे. माझ्याकडे बघायला पाच मिनिटं लागली. माफ.
आई आता पेजेची वाटीसुद्धा सिस्टरना विचारून देतात. खाली मान घालून. ते बघवत नाही.
वॉर्डात वाद. शेजारच्या कॉटवरची आजी म्हणते, "वाटंनं आलीच न्हाई, मग कसली पायाळू?" आई उसळल्या, "आवं, पाय तर पयलं आलं का न्हाई? डाक्टरीणबाईला इचारा!" मॅडम हसून पुढे गेल्या.

सोम. १७
बाकड्यावर झोपून झोपून आईंची कंबर धरली. आज लेकीचा तळवा धरून तीनदा कमरेला लावून घेतला. अख्खा वॉर्ड बघतोय. लेक गाढ झोपेत.
मी हळूच म्हणाले, "आई, पुढच्या बैठकीत गावातल्या बायकांना दुधाचं सांगावं लागेल. मी खोटं बोलले तेही."
आईंनी लेकीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाल्या, "तुझं तू सांग. दुधाचं मी यिऊन सांगते. कंबर सुटू दे आदी."
"सुटली का मग?"
"लगीच? थांब, उठून बगू दे."
कॉटला धरून उठतायत. शेजारची आजीही मान उंचावून बघतेय.